हाजरी आणि हजेरी

होळी जवळ आली की पिंपळगाव सराईकडे जाणारे रस्ते माणसांनी भरून जातात. सैलानी बाबांचा दर्गा तिथला. दर्गा बुलढाणा तालुक्यात असला तरी माणसे मराठवाड्यातून येतात, खानदेशातून येतात, राज्याच्या सीमेपलीकडूनही येतात. त्यांत हिंदू किती आणि मुस्लिम किती, हे विचारण्याची तिथे रीत नाही. नारळांची होळी पेटते, पुढे संदल निघतो. या गर्दीतली काही कुटुंबे नवस फेडायला आलेली नसतात. त्यांनी घरातले एक माणूस सोबत आणलेले असते. कुणी किंचाळत असते, कुणी स्वतःशीच बोलत असते, कुणी कित्येक महिन्यांत एक शब्दही बोललेले नसते. असे माणूस दर्ग्यासमोर घुमू लागले की त्याला 'हाजरी' आली, असे म्हणतात.

सैलानीपासून अमडापूर लांब नाही. चिखली तालुक्यातले, टेकडीवरच्या बल्लाळदेवीसाठी ओळखले जाणारे हे गाव. शेती सोयाबीन-कपाशीची, बहुतेक पावसावरची. अशा गावात मनाच्या आजाराला आजार म्हणून नाव नसते. 'मले काईच सुचत नाई', 'जीव घाबरा होते', 'कशातच मन लागत नाई' असे बायामाणसे सांगतात. ऐकणारा म्हणतो, टेन्शन घेऊ नको. दुखणे वाढले, माणूस रात्री-बेरात्री उठून चालू लागला, घरच्यांवर संशय घेऊ लागला, की मग 'बाहेरचं' असते. मधल्या पायरीला, म्हणजे डॉक्टरला दाखवण्यासारखे काहीतरी झाले आहे या समजुतीला, वाटच सापडत नाही.

त्यात घरच्यांचा दोष काढणे सोपे आहे आणि चुकीचेही. समजा, अमडापूरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या विशीतल्या मुलाला कानात आवाज ऐकू येऊ लागले. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये वर्षानुवर्षे चारच आहेत: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. विदर्भातले नागपूरचे, आणि ते इथून तीनशे किलोमीटरहून दूर. जिल्ह्याच्या गावी सरकारी मानसोपचारतज्ज्ञ आहे, पण तिथे जायचे म्हणजे मुलासोबत दोन माणसे हवीत. वाटेत तो एसटीतून उतरून पळाला तर? दोघांची दिवसाची मजुरी बुडते. पुढच्या महिन्यात परत तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात परत तेच. उलट सैलानीला केस पेपर लागत नाही, वेळ ठरवून घ्यावी लागत नाही, कुटुंबाला पेशंटसोबत मुक्काम करता येतो आणि आजूबाजूला त्याच दुःखातली शंभर घरे भेटतात. दर्ग्याकडे जाणारा माणूस अडाणी आहे म्हणून तिकडे जात नाही. दार उघडे दिसते म्हणून जातो.

२०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने देशाच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यात दर लाख लोकांमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ असल्याची नोंद आहे. समितीच्या मते लाखामागे तीन हवेत. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती. देशाच्या सरासरीनेच धरले तरी जिल्ह्याच्या वाट्याला एकोणीस-वीस तज्ज्ञ यायला हवेत. पण ही सरासरी पुण्या-मुंबईसारखी शहरे फुगवतात, हे कुणाला सांगायला नको. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर-जळगाव जामोदची आदिवासी गावेही येतात. तिथल्या घरांसाठी बुलढाणाही नागपूरइतकेच दूर ठरते.

कायदा मात्र गरिबाच्या बाजूने स्पष्ट बोलतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ पासून लागू झाला. सरकारी पैशातून चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे त्याच्या १८ व्या कलमात लिहिले आहे. आवश्यक औषधांच्या यादीतली औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवीत, हेही त्यातच आहे. जिल्ह्यात किमान सेवा नसेल, तर रुग्णाने जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने द्यायचा, इथपर्यंत हे कलम जाते. ९५ व्या कलमाने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे, कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास मनाई केली. महाराष्ट्राने तर त्याआधीच, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर चारच दिवसांत त्याचा अध्यादेश निघाला होता.

साखळी म्हणजे काय असते, हे देशाने ६ ऑगस्ट २००१ रोजी पाहिले. तमिळनाडूतल्या एरवाडीला असाच एक दर्गा आहे. तिथल्या एका खासगी 'मनोरुग्ण निवासा'त पहाटे आग लागली. रुग्ण खांबांना, खाटांना साखळदंडाने बांधलेले होते. पळता न आल्याने २८ जण मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, अशी ठिकाणे बंद करण्याचे आदेश निघाले. पण दार बंद केले म्हणजे आजार बरा होत नाही. माणूस साखळीतून सुटला आणि औषधाशिवाय घरी आला, तर घरातल्या खांबाला परत बांधला जातो. हे घरचे लोक क्रूरपणाने नव्हे, हतबल होऊन करतात.

म्हणून गुजरातने निवडलेला मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे. २००८ पासून तिथे 'दवा आणि दुआ' चालते. दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची ओपीडी, आणि मुजावरच पेशंटला तिकडे पाठवतात. श्रद्धा सोडा मग औषध घ्या, अशी अट कुणावर घातली नाही. सैलानीलाही हेच हवे आहे: यात्रेच्या चार दिवसांचे पथक पुरेसे नाही, बाराही महिने बसणारी ओपीडी हवी. मुजावर, रेवड्या-नारळवाले दुकानदार, भाड्याने खोल्या देणारे यांनाही त्यात भागीदार करून घ्यावे. आजारी माणसाला पहिल्यांदा पाहतात ते हेच लोक.

सेवा हवी, हे सगळेच म्हणतात. खरा प्रश्न त्यापुढचा आहे: सेवा मिळाली हे ओळखायचे कशावरून?

सरकारी कागदावर याचे उत्तर तयार असते. एवढी शिबिरे झाली, एवढ्यांची तपासणी झाली, एवढे फॉर्म भरले, एवढे फोन आले. शेतकरी आत्महत्या होणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. बुलढाणा त्यांत आहे. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन खचलेल्या माणसाला ओळखायचे, पुढे समुपदेशनाला पाठवायचे, १०४ वर फोनची सोय. कल्पना चांगली होती. आयुष्मान आरोग्य मंदिरांसाठी आशा तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरते, त्यातही मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, आणि उदास, हताश वाटले का. गुण तीनच्या वर गेले की समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस'ही आहे.

हे सगळे गरजेचे आहे. पण यात पहिल्या भेटीची नोंद होते. उदासीनतेच्या गोळीचा गुण दिसायला दोन-चार आठवडे लागतात. स्किझोफ्रेनियाचे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि बरे वाटू लागल्यावरच ते बंद पडते. मग आजार उलटतो, आधीपेक्षा जोरात. म्हणजे या आजारांत पहिली भेट ही सुरुवातही नसते. दुसरी, तिसरी आणि सहाव्या महिन्यातली भेट झाली तर उपचार झाले. शिबिरात दोनशे पेशंट तपासले आणि सहा महिन्यांनी त्यातले वीस औषधावर राहिले, तर अहवालात दोनशे दिसतात. उरलेले एकशे ऐंशी कुठे गेले, याचा रकानाच फॉर्मवर नसतो. दर्ग्यातल्या हाजरीची चर्चा खूप होते. दवाखान्यातल्या या हजेरीची कुणीच करत नाही.

मोजमापाची ही उणीव वरपासून आहे. बंगळूरच्या 'निमहान्स'ने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. दहा जणांत एकाहून थोडी जास्त माणसे मानसिक आजाराने त्रस्त आहेत आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत, हे त्यातून कळले. धोरणांच्या भाषणांत आजही तेच आकडे येतात. पण हे सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. २०२२ मध्ये देशात शेती क्षेत्रातल्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या, त्यांतल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. मरण मोजले गेले. जिवंतपणी खचलेली माणसे त्या सर्वेक्षणात राहूनच गेली.

आणि मोजता येत नाही, असे मात्र नाही. बुलढाण्यापासून दूर नसलेल्या अमरावती जिल्ह्यातच ते झाले आहे. 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमात गावातल्याच माणसांना समुपदेशनाचे शिक्षण दिले, खचलेल्याशी बोलायचे कसे हे शिकवले, आणि गरज पडेल तिथे मानसोपचारतज्ज्ञ येऊ लागला. मूल्यमापनासाठी ३० गावांत आधी आणि अठरा महिन्यांनी असे दोनदा घरोघर सर्वेक्षण केले. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष 'द लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'मध्ये प्रसिद्ध केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचे सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. कार्यक्रम नसलेल्या गावांशी तुलना त्यात नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. शंभरातले सत्तरहून जास्त तरीही उपचारांविना राहिलेच. पण चारावरून सत्तावीसवर जाणे म्हणजे काय, हे आत्महत्या पाहिलेल्या गावाला समजावून सांगावे लागत नाही.

याच्याच बाजूला मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्याचा अनुभव ठेवून पाहावा. तिथे 'प्राइम' या प्रकल्पात सरकारी दवाखान्यांमध्ये मानसिक आजारांचे उपचार सुरू केले. पण गावपातळीवर मोजले, तेव्हा नैराश्याच्या उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले नव्हते. दवाखान्यात सोय झाली, माणसे मात्र घरातच राहिली. दोन्ही अनुभव शेजारी ठेवले की कळते: माणसाला बोलावणारे कुणी गावात नसेल, तर भिंतीवरचा फलक वाचून कुणी येत नाही. गोव्यातल्या 'मानस' या अभ्यासातून तिसरी गोष्ट पुढे आली. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. सरकारी दवाखान्यांत प्रशिक्षित समुपदेशक नेमल्यावर सहा महिन्यांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण ६५.९ टक्के निघाले, नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत ते ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक पडला नाही. म्हणजे अशा समुपदेशकाचा उपयोग सगळ्यांत जास्त होतो तो सरकारी केंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्या पेशंटला. अमडापूरच्या माणसाला याहून दिलासा देणारा निष्कर्ष कोणता असेल?

दुबळ्यांतले दुबळे कोण, हेही सरासरीत हरवून जाते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी एक लाखाची मदत 'पात्र' की 'अपात्र' याची चौकशी होते. त्या घरातल्या बाईची झोप उडाली का, याची होत नाही. 'महिला किसान अधिकार मंच'ने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ महिलांची पाहणी केली, तेव्हा कसत असलेल्या जमिनीवरचा हक्क सुमारे ४० टक्के जणींना मिळालेला नव्हता. सातबाऱ्यावर नाव नाही, सावकाराचा तगादा चालू आहे आणि सासर जमीन वाटून घेते आहे. अशा बाईला फक्त गोळी देऊन किंवा 'धीर धरा' सांगून भागणार नाही. तलाठ्याकडची फेरफाराची नोंद हाही तिच्या उपचाराचाच भाग आहे. समुपदेशकाला तिचे काम झाले असे म्हणायचे असेल, तर सातबारा झाला का, हेही त्याच्या वहीत दिसले पाहिजे.

दुसरा गट रस्त्यावरचा. मळलेल्या कपड्यांत बसस्टँडवर पडून असलेला माणूस प्रत्येक गावाने पाहिला आहे. २०१७ च्या कायद्याचे १०० वे कलम हे काम पोलिसांवर टाकते. अशा व्यक्तीला संरक्षणात घ्यायचे, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे, हरवल्याची नोंद करून घर शोधायचे. व्यवहारात हे काम बरेचदा सेवाभावी माणसांवर येते. चिखली तालुक्यातच पळसखेड सपकाळ येथे नंदकुमार आणि आरती पालवे यांचे 'सेवासंकल्प प्रतिष्ठान' अशा बेवारस मनोरुग्णांना सांभाळते. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरे करून त्यांच्या घरी पोचवण्याच्या कामासाठी कर्जतच्या 'श्रद्धा'चे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या लोकांपुढे मान लवतेच. पण कायद्याने सरकारवर टाकलेली जबाबदारी एका जोडप्याच्या खांद्यावर कायमची ठेवून चालणार नाही. आणि घरी पोचवलेला माणूस वर्षभराने घरीच आहे का, औषध घेतो का, हे पाहायला त्याच्या गावातलीच आशा लागते.

मनोरुग्णालयांच्या आतली गोष्टही याहून वेगळी नाही. बरे होऊनही दहा-दहा वर्षे आतच राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. घर घ्यायला तयार नाही, मधली सोय नाही, म्हणून माणूस आत. राज्यात आणखी मनोरुग्णालये बांधण्याची मागणी होते, आणि गंभीर रुग्णासाठी ती रास्तही आहे. पण खाटा वाढवण्याआधी अमडापूरसारख्या ठिकाणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाच-सहा साधी औषधे बाराही महिने ठेवणे स्वस्त पडते, आणि त्याचा उपयोग कितीतरी जास्त घरांना होतो. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, फ्लुओक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन, लिथियम यांतले कोणतेही औषध नवे किंवा महाग नाही. मोठ्या डॉक्टरने एकदा सुरू करून दिलेली गोळी पुढे गावाजवळ मिळाली, तर तो एसटीचा प्रवास आणि बुडालेली मजुरी वाचते. हजेरी टिकते.

तेव्हा बुलढाणा जिल्ह्याने दरमहा मोजावे ते एवढेच: गेल्या सहा महिन्यांत उपचार सुरू केलेल्यांपैकी किती जण आजही येत आहेत. प्रत्येक केंद्रात मनाच्या आजाराचे औषध किती दिवस संपलेले होते. किती जण परत शेतावर, मजुरीला, शाळेत जाऊ लागले. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान किती पात्र मनोरुग्णांना मिळाले. किती जण अजून बांधलेले आहेत. हे आकडे तालुकावार जाहीर व्हावेत आणि वर्षातून एकदा आरोग्य खात्याबाहेरच्या कुणीतरी, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने किंवा समाजकार्य महाविद्यालयाने, घरी जाऊन पडताळावेत. पेशंटला आणि त्याच्या आईला थेट विचारावे की फरक पडला का. आशाला या पाठपुराव्याचा वेगळा मोबदला मिळावा. आधीच तिच्या डोक्यावर डझनभर फॉर्म आहेत, त्यात हा आणखी एक फुकटचा नको.

हे सगळे मुंबईहून येईपर्यंत थांबायचे कारण नाही. ग्रामसभा २६ जानेवारीला होते, १ मेला होते, १५ ऑगस्टला होते, २ ऑक्टोबरला होते. अमडापूरच्या, आणि अमडापूरसारख्या प्रत्येक गावाच्या माणसाने पुढच्या ग्रामसभेत उठून एवढेच विचारावे: आपल्या आरोग्य केंद्रातून मनाच्या आजाराचे औषध किती जण घेतात, आणि त्यातले गेल्या महिन्यात किती आले? कुणाचे नाव विचारू नये, फक्त आकडा मागावा. तो इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि त्याच्या पुढच्या ग्रामसभेत परत विचारावा.